एकास शंभर : घरी फिल्म धुताना विरल औषधाचा उपयोग



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते या शाळेत रसायनशास्त्र शिकवीत असत, आणि आज त्यांच्या नावे बोलावयास उभा राहिलेला मी जन्मभर मराठी शिकवीत आलो. माझ्याकडून एखाद्या ग्रंथावर अथवा ग्रंथकारावर व्याख्यान होईल अशी आपली अपेक्षा असल्यास ती स्वाभाविकच म्हणावी लागेल. परंतु सरांनी मला जे दिले ते वाङ्मय नव्हते. १९६४ साली, मी नववीत असताना, त्यांनी मला फिल्म धुवायला शिकवले. ती विद्या पुढे साठ वर्षे माझ्याजवळ राहिली. आज तिच्यातील एका लहानशा प्रकरणाविषयीच बोलावे, असे मी ठरवले आहे.

प्रकरण असे. फिल्म धुण्याचे औषध, ज्याला आपण सर्रास डेव्हलपर म्हणतो, ते नेहमीपेक्षा फार पातळ करून वापरले तर काय होते, का होते, आणि ते केव्हा करू नये? अलीकडे तरुण मंडळी पुन्हा फिल्मच्या कॅमेऱ्यांकडे वळू लागली आहेत. आपल्या शाळेचे काही माजी विद्यार्थी माझ्याकडे येऊन याच पद्धतीची चौकशी करतात. 'औषधाचे चार थेंब पाण्यात टाकायचे, तास-दीड तास विसरून जायचे, चित्र आपोआप उत्तम येते,' असे त्यांनी कोठेतरी ऐकलेले असते. यातील निम्मे खरे आहे. उरलेल्या निम्म्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. 'केव्हा करू नये' या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर मला सरांच्याच एका रोलने, सर गेल्यानंतर वीस वर्षांनी दिले.

घरची अंधारखोली

घरी फिल्म धुणे ही परदेशी हौस आहे असे काहींना वाटते. बडोद्याच्या माणसाने तरी तसे म्हणू नये. येथील कलाभवन १८९० साली स्थापन झाले, आणि दादासाहेब फाळके यांनी छायाचित्रणाचे धडे तेथेच गिरवले. पुढे १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट त्यांनी लोकांपुढे आणला, तेव्हा फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे ही कामे त्यांच्या दादरच्या घरात होत असत, आणि सरस्वतीबाई फाळके या कामांत त्यांच्या बरोबरीने राबत. हिंदी चित्रपटसृष्टीचा आरंभ अशा रीतीने एका मराठी घराच्या अंधाऱ्या खोलीत झाला, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

सरांची अंधारखोली म्हणजे जुन्या इमारतीतील प्रयोगशाळेमागची कोठडी. खिडकीला काळे कापड, दाराखालच्या फटीत घडी केलेले पोते, आणि कोपऱ्यात पाण्याचा माठ. त्या काळी तयार औषधांचे डबे शाळेला परवडत नसत. सर मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट व टाकणखार हे घटक वेगवेगळे आणून प्रयोगशाळेच्या तराजूत तोलत आणि औषध घडवीत. १९२७ साली कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडलेला 'डी-७६' हा नुस्खा त्यांना तोंडपाठ होता : एक लिटरला मेटॉल दोन ग्रॅम, सल्फाइट शंभर, हायड्रोक्विनोन पाच आणि टाकणखार दोन. हे द्रावण ते जसेच्या तसे कधीच वापरीत नसत. एक भाग औषधात तीन भाग पाणी मिसळीत आणि आठ-दहा मिनिटांऐवजी वीस-बावीस मिनिटे थांबत. आम्ही समजत होतो की ही शाळेच्या पैशांची काटकसर. एकदा मी तसे बोलूनही दाखवले. त्यावर सर म्हणाले, "अरे, पैसे वाचतात हे खरे; पण पैसे वाचले नसते तरी मी असेच केले असते. का, ते सांग पाहू." ते सांगायला मला बरीच वर्षे लागली.

चित्र कसे उमटते

आपण मराठीत 'रोल धुवायला टाकला' असे म्हणतो. धुणे म्हणजे नको असलेले काढून टाकणे. फिल्मच्या बाबतीत हे काम शेवटी होते. पहिल्या पायरीवर घडते ते याच्या नेमके उलट.

फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे, मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइडचे, असंख्य सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. ज्या स्फटिकावर पुरेसा प्रकाश पडतो त्याच्यात शुद्ध चांदीचे अवघे काही अणू एकत्र येऊन एक ठिपका तयार होतो. डोळ्यांना, किंबहुना सूक्ष्मदर्शकालाही, तो दिसत नाही. म्हणून त्याला सुप्त प्रतिमा म्हणतात. औषधाचे काम एवढेच की, ज्या स्फटिकात असा ठिपका आहे तो सबंध स्फटिक चांदीत पालटायचा आणि ज्यात नाही त्याला शक्यतो हात लावायचा नाही. ही चांदी काळी दिसते. म्हणून निगेटिव्हमध्ये उजेड काळा आणि अंधार पारदर्शक असतो. त्यानंतर हायपोच्या द्रावणात उरलेले, न पालटलेले स्फटिक विरघळवून काढतात. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ साली ओळखला होता. छायाचित्रासाठी त्याचा उपयोग १८३९ मध्ये सुरू झाला. खऱ्या अर्थाने 'धुणे' येथून सुरू होते.

मघाच्या वाक्यात मी 'शक्यतो' हा शब्द मुद्दाम वापरला. औषध कितीही निवड करणारे असले तरी पुष्कळ वेळ दिला तर ते प्रकाश न लागलेल्या स्फटिकांनाही हळूहळू काळे करू लागते. त्यामुळे सबंध फिल्मवर जो राखी थर चढतो त्याला आपण धुरकटपणा म्हणू. हा शब्द श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. शेवटी तो पुन्हा येणार आहे.

पातळ केल्याने काय होते

आता एक दृश्य डोळ्यांपुढे आणा. जुन्या शाळेतला वर्ग, खिडकीबाहेर रखरखीत ऊन, आत बाकांवर बसलेली मुले. खिडकीतून येणारा प्रकाश मुलांच्या चेहऱ्यांवरील प्रकाशाच्या कित्येक पट आहे. डोळा दोन्ही पाहू शकतो. फिल्म सहसा पाहू शकत नाही. नेहमीच्या तीव्र औषधात, दर अर्ध्या मिनिटाने टाकी हलवत अशी फिल्म धुतली तर खिडकीचा भाग भराभर काळा होत जातो. चेहरे उमटेपर्यंत थांबावे तर खिडकीचा काळा डाग होतो आणि कागदावर ती पांढरीफटक, गज नसलेली दिसते. खिडकी सांभाळावी तर चेहरे बुडतात.

औषध फार पातळ केले आणि टाकी न हलवता ठेवली तर वेगळे घडते. जिलेटिनच्या थरात शिरलेले औषध थोडेच असते. खिडकीच्या जागी पालटायचे स्फटिक पुष्कळ, म्हणून तेथले औषध लवकर खर्ची पडते. शिवाय सिल्व्हर ब्रोमाइडमधून सुटलेला ब्रोमाइड तेथेच साचतो आणि पुढील क्रियेला लगाम घालतो. टाकी हलत नसल्यामुळे ताजे औषध तेथे पोचत नाही. काम जवळजवळ थांबते. चेहऱ्यांच्या जागी काम थोडे, म्हणून औषध शिल्लक राहते आणि ते संथपणे चालूच असते. जेथे पुष्कळ झाले तेथे थांबायचे आणि जेथे थोडे झाले तेथे चालू ठेवायचे, हा विवेक त्या द्रावणाला त्याच्या गरिबीमुळे येतो. सरांच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते.

आमच्या घरी दुधाला विरजण लावले की आई भांडे फडताळात ठेवी आणि कोणाला हात लावू देत नसे. ही पद्धत समजावताना मला ते भांडे आठवते. थोडेसेच घालायचे, एकदा नीट ढवळायचे आणि मग हलवायचे नाही. मात्र उपमा येथेच थांबवली पाहिजे. विरजण दुधात वाढत जाते. औषध फिल्ममध्ये खर्च होत जाते. सगळी मेख त्या खर्च होण्यात आहे. म्हणून औषध जितके पातळ तितके अधिक गुणकारी, असा समज कोणी करून घेऊ नये. पाण्यात अंगचा गुण कोणताही नाही.

या संथपणाचा आणखी एक परिणाम होतो. काळा भाग आणि पारदर्शक भाग जेथे भिडतात त्या सीमेवर पारदर्शक बाजूचे न वापरलेले औषध काळ्या बाजूत झिरपते आणि तिची कड किंचित अधिक काळी करते. उलट काळ्या बाजूचा ब्रोमाइड पारदर्शक बाजूत झिरपून तिची कड किंचित अधिक फिकी करतो. त्यामुळे कडा कोरल्यासारख्या दिसतात. चित्रातला तपशील वाढलेला नसतो, पण डोळ्यांना तो वाढल्यासारखा वाटतो. पातळ द्रावणात सल्फाइटही कमी असते. तीव्र द्रावणातील भरपूर सल्फाइट चांदीचे कण किंचित विरघळवून मऊ करते. पातळ द्रावणात तसे होत नाही, म्हणून कण ठसठशीत दिसतात. कोणाला हा गुण वाटेल, कोणाला दोष.

रॉडिनलची बाटली

या कामासाठी सर्वाधिक नावाजलेले औषध म्हणजे रॉडिनल. मोम्मे आंद्रेसेन या रसायनशास्त्रज्ञाच्या नावे १८९१ च्या जानेवारीत त्याचे पेटंट झाले आणि अ‍ॅग्फा कंपनीने ते बाजारात आणले. पॅरा-अमिनोफेनॉल हा त्यातील मुख्य घटक. बाटलीतील द्रावण अतिशय तीव्र असते, म्हणून ते वर्षानुवर्षे टिकते. रंग चहाच्या अर्कासारखा गडद झाला तरी काम देते. वापरताना एका भागास पंचवीस, पन्नास किंवा शंभर भाग पाणी घालायचे, एकदा वापरायचे आणि टाकून द्यायचे. २००५ साली अ‍ॅग्फाफोटो कंपनी दिवाळखोरीत निघाली, तरी त्याच जातीचे औषध आजही निरनिराळ्या नावांच्या बाटल्यांतून मिळते. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ विकले जाणारे छायाचित्रणाचे दुसरे रसायन सापडणे कठीण.

सरांनी मला पहिली बाटली १९७४ साली दाखवली. मी तेव्हा बखरींच्या पाठभेदांवर प्रबंध लिहिण्याच्या तयारीत होतो आणि ठिकठिकाणच्या हस्तलिखितांची छायाचित्रे घेऊन घरी धुवीत होतो. त्या कामाला विरल औषध मुळीच उपयोगी नव्हते, हे येथेच सांगतो. पिवळट कागदावरील फिकट झालेली शाई वाचायची तर काळ्या-पांढऱ्यातला विरोध वाढवायला हवा. विरल औषध तो कमी करते. "पोथीला कडक औषध, माणसांना पातळ," असे सर गमतीने म्हणत. पाठाचा आग्रह धरणाऱ्या माझ्यासारख्याला तो सल्ला तेव्हा फार सोपा वाटला होता.

प्रत्यक्ष कृती

आता कृती सांगतो. आपल्यापैकी जे करून पाहणार असतील त्यांनी ती टिपून घ्यावी.

पहिली गोष्ट मोजमापाची. 'एकास शंभर' हे प्रमाण झाले. पण चांदी पालटवायची असते ती औषधाने, प्रमाणाने नव्हे. छत्तीस चित्रांचा ३५ मिलिमीटरचा रोल घ्या किंवा १२० क्रमांकाचा रोल घ्या, दोहोंचे क्षेत्रफळ जवळजवळ सारखेच, सुमारे पाचशे चौरस सेंटिमीटर, असते. एवढ्या क्षेत्राला निदान पाच मिलिलिटर मूळ औषध हवे. लहान टाकीत तीनशे मिलिलिटर पाणी मावते. त्यात एकास शंभर या प्रमाणाने तीनच मिलिलिटर औषध बसते. ते अपुरे. म्हणून पाचशे मिलिलिटरची टाकी घ्यावी, रोल एकच असला तरीही. पाच मिलिलिटर मोजण्यास सुई काढलेली इंजेक्शनची नळी सर्वांत बरी. औषधात तीव्र अल्कली असते, त्वचेला ते बाधते. तेव्हा हातमोजे घालावेत. स्वयंपाकघरातील मापे, चमचे वा भांडी या कामास वापरू नयेत आणि एकदा वापरल्यास परत फडताळात नेऊ नयेत.

दुसरी गोष्ट पाण्याची. उष्णतामान वीस अंश असावे. बडोद्यात पौष-माघात नळाचे पाणी यास पुष्कळ जवळ असते. वैशाखात ते तीस अंशांच्या वर जाते आणि तेवढ्या उष्ण द्रावणात जिलेटिन फुगून मऊ पडते. तेव्हा परातीत पाणी व बर्फ घेऊन टाकी त्यात ठेवावी लागते. सर माठातले पाणी वापरीत आणि उन्हाळ्यात पहाटे फिल्म धूत. तास-दीड तास स्थिर राहणाऱ्या द्रावणाचे उष्णतामान सांभाळणे हे दहा मिनिटांच्या कामापेक्षा अवघड असते, हे ध्यानी घ्यावे.

तिसरी गोष्ट हलवण्याची. औषध ओतल्यावर पहिले मिनिटभर टाकी हलक्या हाताने उलटीसुलटी करावी, म्हणजे औषध सर्वत्र सारखे पोचते. मग ती ओट्यावर दोन-तीनदा आपटावी. फिल्मला चिकटलेले हवेचे बुडबुडे सुटतात. नंतर टाकी सपाट जागी ठेवावी. अर्ध्या तासाने दोनदा सावकाश उलटी करावी आणि पुन्हा ठेवावी. एक तास झाला की औषध ओतून टाकावे, पाण्याने विसळावे, हायपोत ठेवावे आणि शेवटी वीस-तीस मिनिटे वाहत्या पाण्यात धुवावे.

अर्ध्या तासाने टाकी मुळीच हलवू नये असे मानणारे पुष्कळ आहेत. मीही होतो. १९८६ साली माझ्या पुतण्याच्या मुंजीचे दोन रोल मी एकाच टाकीत, एकूण सहा मिलिलिटर औषधात घातले आणि जेवून वामकुक्षी केली. दोन तासांनी टाकी उघडली. फिल्मच्या कडेच्या छिद्रांच्या ओळीतून चित्रात उतरलेले फिकट-गडद पट्टे जवळजवळ प्रत्येक चित्रावर होते. साचलेला ब्रोमाइड पाण्यापेक्षा जड असतो. द्रावण अगदी स्थिर राहिले तर तो खाली ओघळतो आणि जेथून जातो तेथे आपली वाट उमटवून ठेवतो. बटूच्या कपाळावरून उतरलेले ते पट्टे माझ्या वहिनींनी पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "भावोजी, दुसऱ्या कोणी काढले असतील ना फोटो?" कोणी काढले नव्हते. विसरून जाण्याची पद्धत म्हणून ही पद्धत शिकवली जाते, तेव्हा मला तो प्रश्न आठवतो.

एक भ्रम येथेच दूर केला पाहिजे. छायेत जो प्रकाश फिल्मवर पडलाच नाही तो कोणतेही औषध निर्माण करू शकत नाही. विरल औषध उजळ भागाला आवर घालते, म्हणून छायेसाठी अधिक वेळ देता येतो. त्यापलीकडे त्याची सत्ता नाही. ढगाळ दिवशीच्या, मुळातच विरोध कमी असलेल्या दृश्याला ते वापरले तर चित्र मळकट, निर्जीव होते. ज्या दृश्यात उजेड आणि अंधार एकमेकांच्या अंगावर येतात, तेथेच त्याची जागा आहे.

सरांचा रोल

सर १९९८ साली गेले. २०१८ च्या दिवाळीआधी घराची आवराआवर करताना सरांच्या चिरंजिवांना माळ्यावर एक क्लिक थ्री कॅमेरा सापडला. हा कॅमेरा अ‍ॅग्फाचा, पण आपल्या बडोद्यातच तयार होत असे आणि त्या पिढीतील कित्येक घरांत असे. चौकोनी बारा चित्रे घेणारा, साधा, स्वस्त. आत रोल होता. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू', पूर्ण वापरून गुंडाळलेला, न धुतलेला. रोलच्या कागदावर सरांच्या अक्षरात '७८' एवढेच लिहिले होते. चिरंजीव तो घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "काका, हे तुमच्याखेरीज कोणाला द्यावे ते कळेना."

चाळीस वर्षे, चाळीस बडोद्याचे उन्हाळे, पत्र्याखालचा माळा. आणि धुण्याची संधी एकच. मी तो रोल अडीच महिने कपाटात ठेवला.

माझे मन विरल औषधाकडे ओढत होते. रोलवर काय आहे, प्रकाश किती दिला आहे, काहीच ठाऊक नव्हते, आणि वेळेच्या चुका पोटात घालण्याबद्दल तर ही पद्धत प्रसिद्ध आहे. शिवाय ती सरांची पद्धत. परंतु मघा ज्या धुरकटपणाचा उल्लेख केला तो येथे आड येत होता. फिल्म जुनी होते, उष्णतेत राहते, तेव्हा प्रकाश न लागलेल्या स्फटिकांतही बिघाड होऊन ते आपोआप काळे होण्यास तयार होतात. अशा फिल्मला तासभर औषधात ठेवणे म्हणजे त्या धुरकटपणालाही तासभर देणे. चित्र आणि धूर दोन्ही वाढत जातात आणि अंधुक छाया धुरात बुडतात. जुन्या फिल्मला तुलनेने तीव्र औषध, थोडा वेळ, हेच सयुक्तिक. म्हणजे सरांच्या रोलला सरांच्या पद्धतीने न धुणे हेच योग्य, असे शास्त्र सांगत होते आणि मला ते पटवून घ्यावयाचे नव्हते.

अखेर २०१९ च्या जानेवारीत, पाणी वीस अंशांवर असताना, मी अंधारात रोल सोडला आणि सुरुवातीचा सुमारे वीतभर तुकडा कात्रीने कापला. तो तुकडा एकास शंभर रॉडिनलमध्ये एक तास ठेवला. धुऊन पाहिला. सबंध तुकड्यावर दाट राखी थर होता. त्यातून दोन चित्रांची अंधुक चाहूल लागत होती आणि तिसरे चित्र कात्रीने मधोमध कापले गेले होते. उरलेला रोल मी एचसी-११० या औषधात, एकास एकतीस प्रमाणात, सहा मिनिटे, टाकी वारंवार हलवत धुतला. जुन्या फिल्मवर कमी धूर चढवण्याबद्दल त्या औषधाची ख्याती आहे. नऊ चित्रे आली. धुरकट, पण वाचता येण्याजोगी.

कापलेल्या चित्राचे दोन तुकडे मी काचेवर शेजारी शेजारी ठेवले. एकच चित्र, एकाच क्षणी घेतलेले, एकाच माळ्यावर चाळीस वर्षे पडलेले; फरक फक्त औषधाचा. ते आपल्या जुन्या प्रयोगशाळेचे चित्र निघाले. ती इमारत १९८१ मध्ये पाडली गेली, आणि तिच्या आतले एकही छायाचित्र शाळेच्या दप्तरात नव्हते. प्रयोगशाळेला दोन खिडक्या होत्या, हे येथील वयस्कर मंडळींना आठवत असेल. डावी खिडकी विरल औषधाच्या तुकड्यात आली होती, उजवी तीव्र औषधाच्या. डाव्या खिडकीचे गज, बाहेरच्या कडुनिंबाच्या फांद्या, सगळे शाबूत होते. पण खिडकीखाली उभ्या मुलांचे चेहरे धुरात हरवले होते. उजवी खिडकी कोरी काळी झाली होती, कागदावर ती पांढरीफटक येते. पण तिच्याखालची मुले स्पष्ट होती. एकाच्या हातात परीक्षानळी आहे आणि तो कॅमेऱ्याकडे न पाहता नळीकडे पाहतो आहे.

सरांनी ते चित्र विरल औषधासाठीच घेतले होते यात मला शंका नाही. भरदुपारी, खिडकीकडे तोंड करून, आत मुले. १९७८ सालीच तो रोल एकास शंभरमध्ये धुतला असता तर गजही आले असते आणि चेहरेही. ती वेळ गेली होती. २०१९ मध्ये दोहोंपैकी एकच मिळणार होते, आणि मला निवड करावयाची होती. कडुनिंब त्या जागी आजही उभा आहे. मुले तशी आता कोठेच नाहीत.

म्हणून विरल औषधाविषयी मला कोणी विचारले तर मी आधी विचारतो की, तुमच्या फिल्मवर काय आहे, आणि त्यातले काय गेलेले तुम्हाला चालेल? ताजी फिल्म असेल, उन्हातले दृश्य असेल, पाच मिलिलिटर औषध आणि तासभर लक्ष देण्याची तयारी असेल, तर एकास शंभर यासारखी दुसरी पद्धत नाही. फिल्म जुनी असेल, तर तिच्या वाट्याला तो संथपणा येऊ नये.

त्या नऊ चित्रांच्या आणि जोडलेल्या एका चित्राच्या प्रती सरांच्या कुटुंबीयांच्या संमतीने मी शाळेला दिल्या आहेत. निगेटिव्ह शाळेच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत. उजव्या खिडकीखाली सहा मुले आहेत. त्यांपैकी चौघांची ओळख पटली आहे. परीक्षानळी धरलेला मुलगा आणि त्याच्यामागे उभा असलेला, चष्मा लावलेला मुलगा, हे दोघे अद्याप कोणाला ओळखू आलेले नाहीत. १९७८ च्या सुमारास दहावी-अकरावीत असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी व्याख्यानानंतर ते चित्र अवश्य पाहावे आणि नावे आठवल्यास ग्रंथपालांकडील वहीत लिहून ठेवावीत, ही विनंती.